खार दमते तेव्हा

खार पुन्हा नदीत पडली. एकोणपन्नासाव्यांदा.

ताइस्तोने उजव्या बाणाच्या बटणावरचं बोट न उचलता डाव्या हाताने आकडा टिपला. कोउवोला शहरातल्या जुन्या अग्निशमन ठाण्याचं तळघर, शनिवार, दुपारचे सव्वाचार. पाचला यंदाच्या खेळांची यादी बंद होणार होती.

तिथे जमणारे सगळे एका जुन्या उड्यांच्या कॉम्प्युटर-खेळाने लहानपणीच बिघडलेले लोक. त्यातली खार घेऊन दरवर्षी कोणी ना कोणी घरी नवा खेळ बनवतं, आणि परीक्षक तो शेवटपर्यंत खेळून गुण देतो. शेवट गाठता आला नाही तर खेळावर ‘अपूर्ण’ लिहायचं, आणि खेळ वर्षाच्या संग्रहातून बाद. तोवर बनवणाऱ्याने परीक्षकाच्या मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही.

ताइस्तो एरवी शहरात बस चालवायचा. अकरा वर्षांत त्याने एकशे अडतीस खेळ तपासले आणि एकावरही ‘अपूर्ण’ लिहिलं नाही. एका खेळात स्क्रीन शेवटपर्यंत काळीच होती. तो त्याने नुसत्या आवाजावर संपवला होता.

आज मागे आउने बसली होती. अडुसष्ट वर्षांची, शाळेतल्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. चार हिवाळे खर्ची घालून तिने हा खेळ बनवला होता, आणि त्यात खार दमत होती. पहिली उडी झाडाएवढी, दुसरी जरा कमी, आणि नदीच्या काठावर पोचेपर्यंत तिला गवताची काडी ओलांडतानाही धाप लागायची. पडली की पुन्हा काठावर उभी, तितकीच दमलेली.

सुरुवातीला ताइस्तोने ‘उडीत बिघाड’ असं लिहिलं. मग वाटलं, बिघाड नाही, हिशोब आहे. सहा वेळा पहिल्यापासून सुरू करून त्याने उड्या वाचवल्या. झाडांखालून सरपटत नेलं, साळिंदराच्या पाठीवर चढवलं, एल्क हरणाच्या शिंगांवरून घसरवलं. नदी काही ओलांडता येईना.

यादी सांभाळणारा इल्पो टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभा होता. वर सॉना, म्हणजे सगळ्यांनी मिळून घाम काढायची गरम खोली, तापून पुन्हा निवायला आला होता.

“अरे, लिही अपूर्ण आणि चल. नाहीतर त्या खारीला तुझ्या बसमध्ये घे आणि पलीकडे सोड.”

“बनवलाय म्हणजे शेवट आहे,” ताइस्तो म्हणाला. मग मान न वळवता विचारलं, “आहे ना हो, आउने?”

इल्पोने नियमाची आठवण करून दिली. आउने छताकडे बघत बसली.

या लोकांची एक सवय आहे. खेळ सुरू झाला की उजवा बाण सुटत नाही. शिंक आली तरी नाही, फोन वाजला तरी नाही. ताइस्तोच्या कीबोर्डवरचा तो बाण पार पुसून गेला होता. पाणी प्यायचं तर पेला दुसऱ्याने तोंडाला लावायचा.

पण कॉफीबद्दल नियमांत काही नव्हतं. आउनेने पहिला कप टेबलाच्या टोकाला ठेवला. ताइस्तोने बघितलंही नाही. दुसरा हातभर जवळ ठेवला. तिसरा तिने काठोकाठ भरला आणि अगदी त्याच्या कोपराला चिकटवून ठेवला. मग ती शांतपणे आपल्या जागेवर जाऊन बसली.

खार एकसष्टाव्यांदा पडली. ताइस्तोचं कोपर हललं.

कॉफी कीबोर्डच्या पोटात गेली. सगळी बटणं मेली. इल्पोने तो उलटा करून झटकला, तर कॉफीबरोबर निम्मा वेलदोड्याचा पाव बाहेर आला. दुसरा कीबोर्ड ताइस्तोच्या गाडीत होता, डिकीत, उन्हाळी टायरांच्या खाली. बूट घालायलाही न थांबता तो मोज्यांवरच बर्फातून धावला. इल्पो नियमांची वही काढून कॉफी कुठे सापडते का बघू लागला.

आठ मिनिटांनी ताइस्तो परत आला, गुडघ्यापर्यंत पांढरा, कीबोर्ड छातीशी धरून. आणि स्क्रीनसमोर थबकला.

खार बर्चच्या झाडाखाली बसली होती. पाय पसरून, थर्मासमधून काहीतरी गरम पीत. मग तिने थर्मास बंद केला, उठली, पाठ ताणली आणि उभी राहिली.

ताइस्तोने वायर जोडली आणि उडीचं बटण दाबलं. खार नदीवरून गेली, पलीकडच्या झाडांवरून गेली आणि घराच्या उंबऱ्यावर उतरली. दार उघडलं, खेळ संपला. पाचला तीन मिनिटं कमी होती.

मग इल्पोने वही मिटली आणि आता बोलायला हरकत नाही, असं आउनेला सांगितलं.

“माझ्या नवऱ्याने दहा मिनिटांत संपवला,” आउने म्हणाली. “त्यातली सहा मिनिटं त्याला डुलकी लागली होती.”

इल्पो घाईघाईने तक्ता भरू लागला. चित्रं, संगीत, कल्पना. शेवटचा रकाना होता खेळ किती अवघड आहे त्याचा, एक ते दहा.

“दोन लिहू?” त्याने विचारलं.

ताइस्तोचे मोजे जमिनीवर ठिबकत होते. उजवं बोट अजून वाकडंच होतं, हवेत काहीतरी दाबून धरल्यासारखं. त्याने ते डाव्या हाताने धरून सरळ करून बघितलं. सोडलं की पुन्हा वाकत होतं.

“दहा,” तो म्हणाला.