मधला खांब

"परत खांबच झकास आलाय नि आमी दोघं धुरकट," धोंडूबाई नातीच्या, कुणालीच्या कानाशी कुरकुरली. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून घरात लावायला फोटो काढणं चाललं होतं. ओटीवरच्या खांबाच्या जरा मागे, अल्याड ती, पल्याड आजोबा. कुणालीने कॅमेऱ्याची काच पुसली, दिवा लावला; तरी तेच.

"आजी, मधोमध जे असेल तेच हा साफ दाखवतो गो."

सुना एकमेकींकडे बघून हसल्या. पण सासू-सासऱ्यांना जवळ या म्हणणार कोण? आजोबा उगाच टोपी नीट करत राहिले.

शेवटी पदर सावरून धोंडूबाईच म्हणाली, "आवं, पन्नास वर्सं चारचौघांना लाजून लांब उभी राह्यले. आता माझा हात धरता, का भिंतीवर खांबाचाच फोटो लावायचा?"