पत्र्याचा रंग

उन्हाची धग कमी व्हावी म्हणून करी रोडच्या एका चाळीने छपराच्या पत्र्यांना पांढरा रंग दिला होता. पण त्याची चमक शेजारच्या टॉवरमध्ये दर्शनाच्या बेडरूमभर पसरायची आणि तिचं बाळ दुपारी झोपेतून दचकून उठायचं. तिने सोसायटीमार्फत तक्रार केली आणि आठवड्याभरात पत्रे गडद हिरवे झाले.

आता बाळ गाढ झोपायचं, पण त्याला सांभाळणाऱ्या मीराबाईच पाळण्याशी पेंगायच्या.

"मावशी, रात्री झोपत नाही का हो?" दर्शना वैतागून म्हणाली.

"पत्र्याखालीच खोली ना ताई आमची. रंग बदलल्यापासून रात्रीपण भट्टी."

दर्शनाने नजर चुकवली. "मग चाळीने ऐकलंच कशाला?"

 

"कुणी ऐकत नव्हतं. मीच सगळ्यांच्या हातापाया पडले. म्हटलं, आमच्या बाळाची झोपमोड होते."