चौदा दिवसांची बरणी

“गांजा किती दिवस टांगला होतास?” ऑर्व्हिल टास्करने विचारलं.

“चार,” ड्वेन म्हणाला. “पण माझ्याकडे वाळवायचं यंत्र आहे. शहरातून आणलंय. ओल आपोआप…”

ऑर्व्हिलने बरणी उघडली, नाक आत घातलं आणि तोंड वाकडं केलं. “गवत. तुझ्या यंत्राला म्हणावं, गाई पाळ.”

सभागृह हसलं. हम्बोल्टच्या टेकड्यांत गांजा घरोघरी आहे, अक्कल मात्र एकट्या ऑर्व्हिलला, अशी इथल्या लोकांची समजूत आहे. दर डिसेंबरात ते आपापली बरणी घेऊन त्याच्यापुढे येतात. बरणीवर नावाची आणि वाळवणीच्या दिवसांची पट्टी असते. तो आधी दिवस मोठ्याने सांगायला लावतो, मगच झाकण उघडतो. मग स्वतःच्या हाताने शेरा लिहून त्याची वेगळी पट्टी आधीच्या पट्टीवर चिकटवतो. नाकाने कांदे सोलणारा हा एक म्हातारा, आणि समोर दीडशे नंदीबैल.

यंदा मात्र नुसत्या शेऱ्यावर भागणार नव्हतं. ऑर्व्हिलचे गुडघे गेले होते. जो पहिला येईल त्याला तो आपली वाळवणीची खोली कायमची वापरायला देणार होता. उत्तरेच्या उतारावरची, देवदाराच्या फळ्यांची, काळोखी आणि कोरडी. तिची किल्ली टेबलावरच ठेवली होती.

जूनी हॅस्केट सकाळपासून त्या किल्लीकडे बघत होती. ती आणि तिची आई नदीकाठच्या ट्रेलरमध्ये राहतात, तिथे ऑक्टोबरात भिंतींना पाझर फुटतो. आईची बोटं संधिवाताने वाकडी झाली आहेत. लोण्यात मुरवलेला गांजा पोटात गेला तरच तिला सकाळी कप धरता येतो. कोरडी जागा मिळाली तर सहा झाडांचा गांजा वर्षभर पुरला असता.

गेल्या वर्षी ऑर्व्हिलने जूनीची बरणी दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली होती. “बकरीसुद्धा तोंड लावणार नाही,” तो म्हणाला होता. तेव्हापासून पेट्रोल पंपावरचा माणूसदेखील तिच्याकडे बकरीची चौकशी करतो. असल्या गावात विनोदाला वर्षभर मरण नसतं.

दुपारी जेवणं सुरू झाली. स्वयंपाक सांभाळणाऱ्या बर्निसने राजम्याचा टोप चढवला होता, तो बुडाला लागून करपला. बायका खिडक्या उघडायला धावल्या, मागच्या रांगा रुमालात खोकल्या. ऑर्व्हिल स्वयंपाकघराकडे पाठ करून बसला होता. त्याने मन लावून दोन वाडगे संपवले.

“छान झालंय, बर्निस,” तो म्हणाला.

बर्निसला तो टोमणा वाटला आणि ती लालबुंद होऊन आत गेली.

“आता कोण?” ऑर्व्हिलने विचारलं. “या, बकरीवाल्या बाई.”

जूनी उठली. तिने बरणी टेबलावर ठेवली.

“दिवस?”

“चौदा. काळोखात टांगला, पंख्याचं तोंड भिंतीकडे. देठ वाजून मोडायला लागला तेव्हाच उतरवला. पानं कात्रीने एकेक करून काढली. नंतर सहा आठवडे रोज झाकण उघडून हवा दिली.”

ऑर्व्हिलने एक फूल उचललं आणि देठ कानापाशी धरून मोडला. तो नीट वाजला. मग त्याने नाक बरणीत घातलं आणि डोळे मिटले. जूनीने टेबलाची कड घट्ट धरली.

“संत्र्याची साल,” तो म्हणाला. “आणि मागून मिरी. पोरीने एकदाचं ऐकलं म्हणायचं. बघा रे, गाढवांनो, वास याला म्हणतात.”

बरणी रांगेतून फिरली. पहिल्याने हुंगून ऑर्व्हिलकडे पाहिलं. “संत्रंच,” तो म्हणाला. दुसऱ्यालाही संत्र्याचाच वास आला. ड्वेनला तर वर लिंबाचाही आला.

ऑर्व्हिलने पट्टी लिहिली, बरणीवर चिकटवली आणि किल्ली जूनीच्या हातात दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती बरणी उचलून बाहेर पडली.

ट्रेलरमध्ये आई वाट बघत होती. किल्ली बघून तिला आधी रडूच आलं. मग ती थबकली.

“पण तू तिथे नेलंस काय, जूनी? यंदाचा तर सगळा बुरशीने गेला. आपणच जाळला ना मागच्या ड्रममध्ये?”

जूनीने बंद बरणी कोमट पाण्याच्या नळाखाली धरली आणि नखाने पट्ट्या सोडवायला लागली. सगळ्यात वरची सुटली: ‘पहिला’. तिच्याखालची तिने स्वतः लिहिलेली: ‘जूनी हॅस्केट, चौदा दिवस’. तीही निघाली. त्याखाली गेल्या वर्षीची पट्टी होती, ऑर्व्हिलच्याच अक्षरातली: ‘गवत. बकरीसुद्धा तोंड लावणार नाही.’