मास्तर आणि बाई

पडद्यावरच्या मास्तरांनी मुलाची पाटी तळहातानं पुसून टाकली, "पुन्हा" एवढंच म्हणाले, आणि बाईंच्या तोंडून नकळत "अहो, बास" निघून गेलं.

पुढच्या रांगेतल्या एकानं मागं वळून पाहिलं. शेजारच्या औषधवालीनं बाईंच्या हातावर हात ठेवला. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. चौकातलं औषधांचं दुकान आज नवऱ्याच्या गळ्यात टाकून ती बाईंना इथं घेऊन आली होती.

बाईंच्या मुलाचे दोन चित्रपट आज पाठोपाठ दाखवणार होते. पहिला जुना, गाजलेला, दुसरा नवाकोरा. दोन्ही शिक्षकांवरचे. शेवटी त्याच्याशी गप्पा. त्यानं आईला बोलावलं नव्हतं. "गडबडीत राहून गेलं असेल," म्हणत बाईंनी मुद्दाम शेवटच्या रांगेतली तिकिटं काढायला लावली होती. सगळं झालं की उठून एकदम समोर जायचं, असा बेत होता.

पहिला चित्रपट त्यांनी आजवर पाहिला नव्हता. तो लागला तेव्हा त्यांचे यजमान अंथरुणाला खिळलेले, आणि ते गेल्यावर बाईंना धीर झाला नाही. कारण सगळे म्हणायचे, त्यातले मास्तर म्हणजे हुबेहूब सर! सर म्हणजे बाईंचे यजमान, बाईंच्याच शाळेत गणित शिकवायचे. त्यांची चाहूल लागली की वर्ग चिडीचूप व्हायचा.

पडद्यावरचे मास्तर पाठमोरे उभे राहून भाजी परतत होते. मागं जमिनीवर बसून मुलगा पाढे म्हणत होता.

"चुकलं," मास्तर वळूनही न बघता म्हणाले. "पहिल्यापासून."

बाईंना त्यातही हसू आलं. "सरांना कधी चहा जमला नाही," त्या कुजबुजल्या, "आणि इथं भाजी परततायत. सिनेमावाले काहीही दाखवतात."

पण पुढं हसू टिकलं नाही. मुलगा पहिला आला. धापा टाकत निकाल सांगायला आला, आणि दारातच घुटमळला. मास्तरांनी ऐकून घेतलं. "पुढच्या वर्षीचं बघ," म्हणाले. मुलगा तिथंच उभा राहिला, अजून काहीतरी यायचं बाकी असल्यासारखा. मग तो मोठा झाला, मोठमोठे पूल बांधू लागला, लोकांनी हार घातले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना मात्र दारातला तो चेहरा काही केल्या पुसता येईना.

मध्यंतरात औषधवालीनं चहा आणला.

"असे मास्तर असते ना बाई, तर मी शाळेचं तोंडही पाहिलं नसतं."

"असं नको म्हणूस गं. भलंच झालं की त्या मुलाचं."

"झालं. पण कसं झालं ते बघितलंत ना?"

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांचा स्वतःचा मुलगा दोन वर्षं सरांच्या वर्गात होता. त्या वर्गात काय चालायचं, ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"यांनी एकदा तरी पाठीवर हात ठेवायला हवा होता," त्या म्हणाल्या. "जीव होता गं त्यांचा पोरावर. आज भेटला की मीच सांगेन त्याला. म्हणेन, बाबांच्या वतीनं शाबास म्हणते."

दुसरा चित्रपट सुरू झाला. एक मुलगी वर्गात बाकाखाली जाऊन बसते, भीतीनं तोंडच उघडत नाही. तिच्या बाई रागावत नाहीत. साडी सावरून त्याही बाकाखाली शिरतात आणि तिथूनच सगळ्या वर्गाला गोष्ट सांगतात. रोज सांगतात. एक दिवस बाई गोष्टीत मुद्दाम चुकतात, आणि ती मुलगी पहिल्यांदा बोलते, "असं नव्हतं ते!"

औषधवाली हमसून हमसून रडायला लागली. "ही मी, बाई! बाकाखालची मीच!"

"त्याला कसं कळलं?"

"अहो, फोन करकरून विचारायचा मला. बाई कशा हसायच्या, कशा जवळ घ्यायच्या. तुम्हाला सांगू नको म्हणाला होता."

बाईंचा ऊर भरून आला. सर गेल्यापासून मुलगा क्वचितच घरी यायचा, आला तरी घड्याळाकडे डोळे. आणि आतून मात्र एवढी विचारपूस!

दिवे लागले. मुलगा मंचावर येऊन बसला. कानशिलांवरचे केस पिकले होते त्याचे. एका तरुण मुलीनं हात वर केला.

"मी नुकतीच शिक्षिका झालेय. तुमचे मास्तर धाकानं घडवतात, तुमच्या बाई मायेनं. दोघांचीही मुलं पुढं जातात. मी कुणासारखं व्हावं?"

"मुलांना विचारा," तो म्हणाला. लोक हसले.

"त्या बाई खऱ्या आहेत?"

"हो. माझी आई."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी डोळे पुसले, पदर नीट केला आणि त्या उठून मधल्या वाटेनं मंचाकडे निघाल्या.

"म्हणजे घरातच अशी शिक्षिका लाभली तुम्हाला! भाग्यवान आहात."

त्यानं माईक जवळ ओढला.

"ती लाभली तिच्या वर्गातल्या मुलांना. सगळी माया तिथं वाटून मग घरी यायची. मी त्या मुलांकडून ऐकून ऐकून लिहिली ती."

बाई वाटेतच थांबल्या.

"आणि मास्तर? ते तुमचे वडील ना?"

"छे! बाबांनी मला कधी आवाज चढवून हाकसुद्धा मारली नाही," तो म्हणाला. "मास्तर म्हणजेही आईच. तिला ओळखू येऊ नये, म्हणून मिशा लावल्या."