न उघडलेल्या फाइली

विजय नगरच्या घरी बसून श्रीरंग फाइली एका जागेहून दुसऱ्या जागी नेणारा प्रोग्राम लिहीत होता. एखादी फाइल उघडली नाही, तर काम थांबवायचं की ती सोडून द्यायची, हे वापरणाऱ्यानं ठरवायचं. त्यानं काहीच ठरवलं नाही, तर प्रोग्राम ती मुकाट्यानं सोडून पुढे जाणार.

"काहून?" तोफगोळ्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले बाबा हे ऐकून म्हणाले. "आमच्याकडे एक गोळा खराब निघाला का अख्खी लाइन थांबून जाय."

"आता थांबलेलं कोणाला आवडत नाही, बाबा."

आईच्या तेराव्यानंतर त्यानं तिच्या फोनमधलं सगळं याच प्रोग्रामनं कॉम्प्युटरवर घेतलं. 'काम पूर्ण' असं उमटलं, तसा त्यानं फोन पुसून मावशीला देऊन टाकला.

रविवारी बाबा म्हणाले, "तुझ्या आईनं भुलाबाईची गाणी भरून ठेवली होती ना फोनात? लाव जरा. तिचा आवाज ऐकावा वाटून राहिला."

फोटो सगळे होते. गाणं एकही नव्हतं. साठीत अक्षरं शिकलेल्या आईनं गाण्यांना हौसेनं मराठीत नावं दिली होती, आणि श्रीरंगच्या प्रोग्रामला अजून फक्त इंग्रजी नावं वाचता येत होती. त्यानं ते बाबांना जसंच्या तसं सांगितलं.




"अच्छा," बाबा म्हणाले. "म्हणजे तुझी लाइन काही थांबली नाही."