वरचे दात

प्रज्वलचं लाळेरं रक्तानं भिजलं होतं. हर्षाला चपला काढायचंही भान राहिलं नाही. तिनं आठ महिन्यांच्या पोराला पाळण्यातून उचललं आणि बोटानं त्याचा ओठ वर केला. सकाळी वरच्या हिरडीत दोन दात होते, तांदळाच्या कणीएवढे. आता एकच होता. दुसऱ्याच्या जागी लाल खड्डा. पोरगं रडून रडून थकलं होतं, नुसते हुंदके देत होतं.

ती दोन तासांसाठी बाहेर गेली होती. दादाच्या ऑपरेशनचे कागद धंतोलीच्या दवाखान्यात नेऊन द्यायचे होते. घरात दोनच माणसं होती, दादा आणि आई. हे कोणी केलं असेल, याचा विचार करायला तिला क्षणही लागला नाही.

दादाच्या, प्रीतमच्या डोक्यात गाठ निघाली, सोमवारी ऑपरेशन ठरलं, म्हणून हर्षा सासरहून, खाप्याहून तांडापेठेतल्या माहेरी आली होती. त्याच आठवड्यात प्रज्वलला दात आले, आणि आले ते वरचे आधी. वरचे दात आधी आले की मामाला जड जातं, असं तिची आई अंजनाबाई लहानपणापासून ऐकत आली होती. तिनं त्याच दिवशी पाळणा लेकाच्या खोलीतून बाहेर काढला. ऑपरेशन होईस्तोवर पोराला घेऊन सासरी जा, मामाच्या नजरेला हे दात पडू देऊ नको, म्हणून ती लेकीच्या अक्षरशः पाया पडली.

प्रीतम शाळेत विज्ञान शिकवायचा. बुवा लोक लिंबातून रक्त कसं काढतात, ते दरवर्षी पोरांना करून दाखवायचा. अठराव्या वर्षी हर्षाचं लग्न ठरत होतं, तेव्हा आईशी भांडून यानंच तिला कॉलेजात घातलं होतं. त्यानं पाळणा स्वतः ओढत परत आपल्या खोलीत आणला, भाच्याला मांडीवर घेतलं आणि आईला म्हणाला, "या लेकराचे दात माझ्या डोक्यातल्या गाठीले माहीत तरी आहेत का?" कितीतरी दिवसांनी हर्षा खळखळून हसली होती. म्हणूनच आज निघताना तिनं पोराला दादाजवळ ठेवलं होतं आणि आईला बजावलं होतं, त्याला हात लावायचा नाही.

प्रीतम पलंगावर बसला होता. गोळी घेतल्यावर डोळा लागला, पोराच्या किंकाळीनं जाग आली, एवढंच त्याला सांगता आलं. अंजनाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हर्षानं तिला विचारलं. अंजनाबाईनं एकदा लेकाकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे.

"मीच काढला," ती म्हणाली.

आणि ती आत ओट्याकडे वळली.

दातांच्या डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. दात पडून तुटलेला नाही, पकडीनं ओढलेला आहे, असं ते म्हणाले. एवढ्या लहान मुलाचं तोंड उघडं ठेवायला कोणीतरी जबडा चांगलाच दाबून धरला असणार. गालावर बोटांचे वळ उमटायला लागले होते. तक्रार करा, असंही त्यांनी सुचवलं. घरी आल्यावर प्रीतम म्हणाला, ऑपरेशनच्या तोंडावर पोलीस नको. हर्षानं ऐकलं. पण त्याच संध्याकाळी तिनं आईची पिशवी भरून दारात ठेवली आणि उमरेडला मावशीकडे जायला सांगितलं. या घरात एक तर तू राहशील, नाही तर मी. तिला वाटलं, दादा मध्ये पडेल. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

अंजनाबाईनं एकच मागितलं. सोमवारी सकाळी, आत नेण्याआधी, लेकाला लांबून पाहू दे. हर्षा म्हणाली, त्या दिवशी तुझं तोंड दिसणंच त्याला जड जाईल. आपण काय बोललो ते तिला कळत होतं. आईचा चेहरा पडला तेव्हा तिला बरं वाटलं, तेही कळत होतं. अंजनाबाईनं पदर सावरला, पिशवी उचलली आणि बस स्टँडच्या रस्त्याला लागली. मागे वळून पाहिलं नाही.

सोमवारी ऑपरेशन सहा तास चाललं. गाठ पूर्ण निघाली. उमरेडहून तीनदा फोन आला, हर्षानं तिन्ही वेळा कापला. लेक वाचला की नाही, हे त्या बाईला दुसऱ्या दिवशी दुपारी कोण्या शेजाऱ्याकडून कळलं.

तिसऱ्या दिवशी प्रीतमला वॉर्डात आणलं. त्यानं भाच्याला पाहायचं म्हटलं. नर्सनं पाच मिनिटं दिली. हर्षा पोराला घेऊन पलंगाशी गेली. एरवी मामा दिसला की प्रज्वल तिच्या कडेवरून झेप घ्यायचा. आज तो एकाएकी ताठ झाला. तिच्या गळ्यात नखं रुतवून त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. रडलासुद्धा नाही. डोक्याला बांधलेल्या पट्टीनं भ्याला असेल, असं तिला वाटलं.

औषधांच्या गुंगीत प्रीतम हसला. सुई टोचलेला हात उचलून त्यानं पोराच्या गालावरून फिरवला.

"भिऊ नको गा भाच्या," तो म्हणाला. "मामा वाचला तुझा. आता दुसऱ्या दाताले हात नाही लावत."