धाग्यावरचा थेंब

पोलीस ठाण्यात फौजदार गावित मॅडमनी केसाहून बारीक धागा सुगंधाच्या डोळ्याखाली ताणून धरला. थेंब धाग्यावर पडला आणि मण्यासारखा गोल राहिला.

"पसरला नाही," मॅडम म्हणाल्या.

हल्ली प्रत्येक ठाण्यात हा धागा असायचा. दुःखाचा अश्रू त्यावर पसरत जायचा, ओढूनताणून आणलेला नुसता लोंबत राहायचा. कोर्टही ते मानायचं.

"रडून रडून डोळे कोरडे पडलेत, मॅडम. डॉक्टरांनी दिलेलं औषध घालते, तेच गळतंय."

"असं सगळेच म्हणतात."

सुगंधाचा नवरा विलास धाकट्या भावाबरोबर, रोहिदासबरोबर, धरणात मासेमारीला गेला होता. होडी घेऊन रोहिदास एकटाच परतला. दादा तोल जाऊन बुडाला, म्हणाला. विलास पट्टीचा पोहणारा होता, म्हणून सुगंधाने तक्रार केली होती.

मग रोहिदासची पाळी आली. त्याचा अश्रू धाग्याला टेकताच सर्रकन पसरला.

"याचं दुःख खरं आहे," असं म्हणत मॅडमनी सुगंधाकडे संशयाने पाहिलं. "तुमचं काय ते सांगा."

सुगंधा उठून दिरासमोर उभी राहिली. "रडताय ते खरं आहे, भावोजी. मलाही दिसतंय. पण कशासाठी रडताय?"

रोहिदासने मान खाली घातली. 

"दादाने होडीची कड घट्ट धरली होती, वहिनी," तो हुंदके देत म्हणाला. "मी त्याच्या बोटांवर वल्हं मारलं."

मॅडमनी उठून खोलीचं दार लावून घेतलं आणि जबाबाचा कागद पुढे ओढला.